ड्रमवर आपला हात ओळखू यावा म्हणून: रॉक वादकासाठी बारा आठवड्यांचा क्रम

पडद्याआड कोण ढोलकी वाजवतो आहे, हे जाणकार श्रोता दोन आवर्तनांत सांगतो. त्याला आपल्याकडे हात ओळखू येणे म्हणतात. रॉकच्या ड्रमकिटवरही असा हात असतो आणि तो घडवता येतो. मात्र ठाणे आणि नवी मुंबईत शिकवताना बहुतेक वादकांची सुरुवात मला उलट्या टोकाने झालेली दिसते. स्वतःची शैली हवी म्हणून ते आधी नवे फिल (ठेका मोडून मधली जागा भरणारे छोटे तुकडे) पाठ करतात, नवी सिम्बल (झांज) किंवा डबल पेडल विकत घेतात, वेग वाढवतात, आणि वर्षभराने त्यांचे वादन चार जणांच्या वादनाची गोळाबेरीज होऊन बसते. आपल्या हाताच्या खुणा त्यांच्या वाजवण्यात आधीपासूनच असतात, पण त्या त्यांनी कधी शांतपणे ऐकलेल्या नसतात. म्हणून खालचा क्रम आधी ऐकण्याचा, मग उसने आणि आपले वेगळे करण्याचा, मग गाळण्याचा आणि सर्वांत शेवटी भर घालण्याचा आहे. हा क्रम कृपया बदलू नये.

हाय-हॅटवर (पायाने उघड-झाक होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठ आघात, किक (पेडलने वाजणारा मोठा बेस ड्रम) पहिल्या व तिसऱ्या आणि स्नेअर (खाली तारांची जाळी असलेला ड्रम) दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर, असा साधा ठेका पाच मिनिटे न थांबता आणि लय न ढळू देता ज्याला वाजवता येतो, त्याच्यासाठी हा लेख आहे. ते अजून जमत नसेल, तर दोन-तीन महिने त्याच ठेक्याला द्यावेत आणि मग पुढे वाचावे.

## पूर्वतयारी: जागा, वेळ आणि कान

आपल्याकडे बहुतेकांचा सराव सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये होतो आणि खरे किट आठवड्यातून एकदा-दोनदा भाड्याच्या जॅमरूममध्येच मिळते. त्यामुळे घरी काय करायचे आणि जॅमरूममध्ये काय, याची वाटणी आधीच करून ठेवावी. घरी पॅडवर हातांचा सराव, ध्वनिमुद्रण ऐकणे आणि नोंदी. जॅमरूममध्ये ध्वनिमुद्रण, ट्यूनिंग आणि बँडबरोबरचे काम. जॅमरूममधला भाड्याचा तास रुडिमेंट, म्हणजे हातांचे मूलभूत बोल, घोटण्यात घालवू नये.

इलेक्ट्रॉनिक किट असले, तरी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना त्रास होतोच, कारण काठ्यांचा आवाज हवेत विरला तरी किक पेडलचा दणका स्लॅबमधून थेट खाली उतरतो. पेडलखाली नुसती सतरंजी पुरत नाही. प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला चौथरा बराच दणका शोषून घेतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते. सरावाची वेळ त्याआधीची ठरवून शेजाऱ्यांना ती आपणहून सांगितली, तर पुढचे बारा आठवडे मन सरावात राहते.

आणखी चार गोष्टी हव्यात: मेट्रोनोम, फोनवरचा रेकॉर्डर, कानाला पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एक वही. कानात घालायचे इअरप्लग पाचवी गोष्ट नसून पहिली आहे. खऱ्या किटचा आवाज बंद खोलीत सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि ८५ च्या वरच्या आवाजात दीर्घकाळ राहणे कानांना घातक ठरते. ज्याला स्वतःचा हात ऐकायचा आहे, त्याने कान जपलेच पाहिजेत.

## टप्पा १: मूळ ध्वनिमुद्रण (पहिला आठवडा)

जॅमरूममध्ये वरचाच साधा ठेका तीन लयींत वाजवावा: मिनिटाला ७०, ९५ आणि १२० मात्रा. प्रत्येक लय चार मिनिटे. पहिली दोन मिनिटे एकही फिल नाही. पुढची दोन मिनिटे मनाला येईल तसे. त्यानंतर मेट्रोनोम बंद करून तीन मिनिटे मुक्त वादन.

फोन कुठे ठेवता यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तो जमिनीवर किंवा अँप्लिफायरवर ठेवू नये. दोन-तीन मीटर अंतरावर, छातीच्या उंचीला, स्टँडवर ठेवावा. पुष्कळ फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि बारीक आवाज वर उचलतात. ती सोय चालू राहिली, तर तुमचा जोराचा आणि हलका आघात सारखाच ऐकू येईल आणि निष्कर्ष खोटा निघेल. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते का पाहावे. येत नसेल, तर फोन आणखी लांब न्यावा.

नेहमीची चूक: मेट्रोनोमची क्लिक फक्त हेडफोनमध्ये घेतली जाते, म्हणून ध्वनिमुद्रणात ती येतच नाही आणि नंतर आपण पुढे होतो की मागे हे कळायला आधार उरत नाही. क्लिक छोट्या स्पीकरवरही सोडावी आणि तो स्पीकर फोनजवळ ठेवावा.

## टप्पा २: ऐकणे आणि नोंदवणे (दुसरा आठवडा)

ध्वनिमुद्रण त्याच दिवशी ऐकू नये. वाजवल्यानंतर काही तास हातांची आठवण कानांवर पांघरूण घालते आणि आपण जे वाजवले त्याऐवजी जे वाजवायचे होते तेच ऐकू येते. दोन दिवस जाऊ द्यावेत, मग हेडफोन लावून ऐकावे. फोनच्या स्पीकरवर किक जवळजवळ नाहीशी होते, म्हणून तो वापरू नये.

चार वेळा ऐकावे आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे. पहिल्यांदा फक्त हाय-हॅट: आठही आघात सारखे आहेत, की एक सोडून एक वजनदार? दुसऱ्यांदा फक्त स्नेअर: क्लिकच्या नेमका वर, किंचित अलीकडे की पलीकडे? तिसऱ्यांदा किक, आणि तिच्यासोबत हाय-हॅट तिच्या आघाताला नकळत जोर देते का. चौथ्यांदा फिल: कितव्या मात्रेवर सुरू होतात, कोणत्या हाताने, कुठे संपतात.

वहीत लिहिताना 'छान', 'ढिसाळ' असे शब्द टाळावेत आणि घडले ते लिहावे. माझ्या एका विद्यार्थ्याची नोंद इथे उदाहरणादाखल देतो. तो ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने ठाण्याला शिकायला येत असे आणि वर्गात नेहमी सांगायचा की त्याच्या वादनात वेगळे काहीच नाही. ९५ च्या लयीचे ध्वनिमुद्रण आम्ही दोघांनी मिळून ऐकले. पार्श्वभूमीला पंख्याची घरघर होती, हाय-हॅट हवी त्याहून मोठी होती. पण जवळजवळ प्रत्येक आवर्तनात चौथ्या मात्रेच्या स्नेअरआधी डाव्या हाताचा एक अगदी हलका, जेमतेम ऐकू येणारा आघात पडत होता, जणू काठी स्नेअरवर उतरण्याआधी तिने कातडे चाचपून पाहिले. १७ आवर्तनांपैकी १४ आवर्तनांत तो होता. त्याला तो माहीत नव्हता, कोणी शिकवलाही नव्हता. वहीत आम्ही एवढेच लिहिले: 'चौथीच्या आधी डावा, हलका, १४/१७.' पुढचे सारे काम त्या एका ओळीतून उभे राहिले.

पडताळणी: वहीत किमान सहा नोंदी असाव्यात आणि त्यांतल्या निदान दोन अशा असाव्यात, ज्या वाजवताना तुम्हाला ठाऊक नव्हत्या. तशा नसतील, तर ऐकणे अजून झालेले नाही. हा टप्पा पुन्हा करावा.

## टप्पा ३: उसने काय, आपले काय (तिसरा ते पाचवा आठवडा)

आता प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून आली हे लिहावे: शिक्षकाकडून, एखाद्या गाण्यातून, व्हिडिओतून, की ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' असे जिथे लिहाल तिथे खूण करावी. बहुधा तुमचा हात तिथेच असतो.

याचा अर्थ उसने घेणे वाईट असा मुळीच नाही. ते उघड्या डोळ्यांनी आणि कारण समजून घ्यावे. तीन आठवड्यांसाठी तीनच वादक निवडावेत, प्रत्येकाची एकच सवय घ्यावी आणि ती सवय त्याच्याकडे का आली याचा शोध घ्यावा. काही नमुने सांगतो.

रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स स्नेअरच्या आघाताच्या वेळी हाय-हॅटवरचा उजवा हात उचलून घेत. त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर एकटी, मोकळी ऐकू येते आणि हाय-हॅटच्या ओळीत एक श्वास पडतो. ही सवय एक आठवडा करून पाहिली, तर आपली हाय-हॅट स्नेअरला किती झाकत होती हे लगेच कळते.

बीटल्सचे रिंगो स्टार डावरे, पण किट उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेले. स्नेअरवरून टॉमवर (किकच्या वर आणि बाजूला असलेल्या ड्रमवर) जाताना डाव्या हाताने सुरुवात केली की वाट अडते, म्हणून त्यांच्या फिलना किंचित थांबून पडल्यासारखा आकार येतो. शरीराची अडचण हीच त्यांची खूण झाली. तुमच्या शरीराची अडचण कोणती, हे या आठवड्यात विचारावे: आखूड बोटे, ताठ घोटा, जड डावा हात. अडचण दिसली की ती तासून सपाट करण्याची घाई करू नये. तिच्यामुळे वादन कुठे वळते ते आधी पाहावे.

लेड झेपेलिनच्या जॉन बोनम यांच्या एका पेडलवरच्या त्रिकांची, म्हणजे एका मात्रेच्या तीन भागांत बसवलेल्या किकच्या आघातांची, नक्कल सगळेच करतात आणि पायाच्या वेगावर अडकतात. त्यांच्याकडून घेण्यासारखी याहून मोठी गोष्ट आघातांमधली मोकळी जागा आहे. २६ इंची बेस ड्रमचा आवाज विरायला वेळ लागतो आणि ते त्याला तो वेळ देत.

खबरदारी: एका वेळी अख्खे गाणे बसवू नये. एकच आवर्तन घ्यावे, तेच आठवडाभर वाजवावे आणि आठवड्याच्या शेवटी ते आपल्या साध्या ठेक्यात विरघळले का पाहावे. विरघळले नाही तर सोडून द्यावे; ती सवय तुमची नाही.

## टप्पा ४: गाळणे (सहावा ते आठवा आठवडा)

हा सर्वांत अवघड टप्पा आहे आणि याच टप्प्यावर बहुतेक जण सोडून जातात. किटमधून टॉम आणि राइड व क्रॅश या सिम्बल बाजूला काढाव्यात. उरते किक, स्नेअर आणि हाय-हॅट. तीन आठवडे एवढ्यावरच वाजवावे, बँडच्या सरावातही. सोबत्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर गाण्याच्या मध्यात सगळे वळून पाहतात.

टॉम नसले की फिल सुटतात, आणि फिल सुटले की वादकाला दोन कडव्यांमधला फरक स्नेअरचा जोर, हाय-हॅटची उघड-झाक आणि किकची जागा यांवरच दाखवावा लागतो. नेमके तिथेच प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. एक जण हाय-हॅट अर्धी उघडतो, दुसरा किक काढून घेतो, तिसरा स्नेअर मधोमध न मारता कडेच्या बाजूला सरकवतो. तुमचे उत्तर कोणते हे वहीत लिहावे.

याच काळात लयीचेही काम करावे. दोन आवर्तने क्लिक, दोन आवर्तने शांतता, असा मेट्रोनोम लावावा. शांततेनंतर क्लिक परत येते तेव्हा तुम्ही कुठे आहात ते पाहावे. ९० च्या लयीत एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची असते. त्यातले १५-२० मिलिसेकंद मागे पडणारी स्नेअर निवांत वाटते आणि तेवढीच पुढे पडणारी उतावीळ. दोन्ही चालतात. मात्र ती दर आवर्तनात तिथेच पडायला हवी. कधी पुढे, कधी मागे पडणाऱ्या स्नेअरला शैली म्हणता येत नाही. ती कच्ची लय आहे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिक आणि स्नेअरची टोके शेजारी-शेजारी दिसतात, तेथे ही तपासणी दहा मिनिटांत होते.

पडताळणी: साध्या ठेक्याची दोन मिनिटे कुठेही न सजवता वाजवून ध्वनिमुद्रित करावीत. ती स्वतःला कंटाळा न येता पूर्ण ऐकता आली, तरच पुढे जावे.

## टप्पा ५: आवाज घडवणे (नववा आठवडा)

साधनांचा विचार आता करायचा, आणि तोही फक्त दोन जागी: काठी आणि स्नेअर. तुम्ही ५ए जाडीची काठी वापरत असाल, तर काही दिवस पातळ ७ए आणि एक दिवस जाड ५बी वापरून पाहावी. काठी बदलली की हाय-हॅटचा आवाज स्नेअरपेक्षा जास्त बदलतो, याकडे लक्ष ठेवावे. हाय-हॅट काठीच्या टोकाने वाजवता की मानेने (टोकामागच्या निमुळत्या भागाने), हे त्याच वेळी ठरवावे.

जॅमरूमची स्नेअर आधीच्या दहा जणांनी दहा प्रकारे पिळलेली असते, म्हणून ती लावून घेणे हा आपल्याकडे प्रत्येकाला आलाच पाहिजे असा भाग आहे. बोल्ट फिरवायची चावी (ड्रम की) खिशात ठेवावी. वरच्या हेडचे (कातड्याचे) सर्व बोल्ट आधी सैल करून बोटांनी घट्ट होतील इतकेच आवळावेत. मग समोरासमोरच्या जोड्या धरून प्रत्येकी पाव फेरा द्यावा. ओळीने गोल फिरत आवळल्यास हेड एका बाजूला ओढले जाते. प्रत्येक बोल्टजवळ, कडेपासून इंचभर आत, काठीने हलके टिचकावून सूर सारखा आहे का ऐकावे. त्या वेळी खालची तारांची जाळी सोडून ठेवावी, नाहीतर तिच्या खरखरीत सूर ऐकू येत नाही. हवा तो ताण सापडला की बोटांनी बसवलेल्या अवस्थेपासून किती फेरे दिले ते वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या स्नेअरवर तोच आकडा नेमका चालणार नाही, पण सुरुवात तिथून करता येते.

खाडीजवळच्या दमट हवेत स्वतःच्या पेडलच्या साखळीला आणि बोल्टना गंज लवकर चढतो. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब पुरेसा आहे.

## टप्पा ६: कानावरचे जुने संस्कार किटवर आणणे (दहावा आणि अकरावा आठवडा)

आपल्या भागातल्या वादकाने लहानपणापासून जे ऐकले आहे, ते फार मोठे भांडवल आहे आणि बहुतेक जण ते रॉकच्या दाराबाहेर चपलांसारखे सोडून येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेची मिरवणूक निघते, नवी मुंबईच्या गावठाणांत हळदीला बेंजो वाजतो. सहा मात्रांचा कोळीगीतांचा झुलता ठेका अनेकांच्या अंगात आधीच असतो. 'द पोलिस' या बँडचे वादक स्ट्युअर्ट कोपलँड यांचे बालपण कैरो आणि बैरुतमध्ये गेले आणि तिथल्या अरबी तालांचे संस्कार त्यांच्या रॉक वादनात उतरले. त्यासाठी त्यांना किटवर दरबुका हे अरबी तालवाद्य बांधावे लागले नाही.

तसेच करावे, आणि या क्रमाने. आधी तो ठेका तोंडाने म्हणावा, हातात काठी न घेता. मग फक्त वजनाच्या मात्रा टाळीने दाखवाव्यात. मग त्या वजनांपुरती किक आणि स्नेअर आणावी आणि हाय-हॅट आठच ठेवावी. ताशाचा नाद, टिपरूचा (ढोलावरच्या काठीचा) दणका यांची नक्कल करू नये. आघातांचे वजन कुठे पडते एवढेच घ्यावे. उदाहरणार्थ, पथकात ताशा इशारा देतो आणि ढोल त्याला उत्तर देतात. हीच सवाल-जवाबाची मांडणी स्नेअर आणि किकमध्ये एका आवर्तनात बसते आणि ऐकणाऱ्याला ती ढोल-ताशा म्हणून नव्हे, एक दमदार रॉक ठेका म्हणून ऐकू येते.

नेहमीची चूक: गाण्याच्या मध्यभागी अचानक आठ आवर्तने 'देशी' तुकडा घालणे. तो टाळ्या मिळवतो, पण ठिगळासारखा दिसतो. तुमच्या टप्पा २ च्या नोंदींशी जे जुळते तेवढेच ठेवावे. ऐरोलीच्या त्या विद्यार्थ्याने चार वर्षे पथकात ताशा वाजवला होता. चौथीच्या आधीचा तो हलका आघात कोठून आला, हे त्याला या टप्प्यावर उमगले. मग त्याने तो मुद्दाम, कडव्यात हलका आणि ध्रुवपदात ठळक, असा वाजवायला सुरुवात केली.

## टप्पा ७: गाण्यात बसवणे आणि पुन्हा मोजणे (बारावा आठवडा)

टॉम आणि सिम्बल परत आणावेत. गाण्याचे शब्द कागदावर लिहून गायक जिथे श्वास घेतो तिथे रेघ मारावी. फिल फक्त त्या रेघांवर, आणि तेही तीनपैकी एकाच रेघेवर. बेस गिटार वाजवणाऱ्याला विचारावे की तुमची किक त्याला आधार देते की अडवते. या प्रश्नाचे खरे उत्तर तोच देऊ शकतो.

त्यानंतर पहिल्या आठवड्याचे ध्वनिमुद्रण जसेच्या तसे पुन्हा करावे: तीच खोली, तोच फोन, त्याच तीन लयी, तेच अंतर. मग तुमचे आणि त्याच पातळीच्या आणखी दोन वादकांचे, साध्या ठेक्याचे प्रत्येकी एक मिनिट, नावे न सांगता बँडमधल्या सोबत्यांना ऐकवावे. त्यांनी तुम्हाला ओळखले, तर कशावरून ओळखले हे विचारून त्यांच्याच शब्दांत वहीत लिहावे. ओळखले नाही, तर टप्पा ४ वर परत जावे, टप्पा १ वर नव्हे. गाळणे अपुरे राहिलेले असते.

दोन्ही ध्वनिमुद्रणांच्या फाइलना तारीख आणि लय लिहून त्या फोनबाहेर कुठेतरी जपून ठेवाव्यात. फोन बदलताना पहिल्या जातात त्या याच फाइल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बसाल तेव्हा त्यांच्यावाचून तुलना करता येत नाही.